काळोख कधी करायचा

विनिपेगला जानेवारीत गाड्याही रात्री
विजेच्या दाव्याला बांधून ठेवतात, गुरांसारख्या,
नाहीतर सकाळी उठत नाहीत.
अशा उणे बत्तीसात, बूटदुरुस्तीच्या दुकानाखालच्या तळघरात
दर शुक्रवारी आमचा खेळ.
प्रेक्षक अकरा. त्यांतले तीन टारासचे मामा.

संहिता नाही. नेपथ्य म्हणजे दोन खुर्च्या,
त्यांतली एक डुगडुगते.
अंधारातून कुणी ओरडतं, "दंतवैद्य!"
की माझी माणसं उडी घेतात.
समोरचा जे म्हणेल त्याला हो म्हणायचं
आणि पुढे 'आणि' जोडायचं, एवढंच शिकलोय आम्ही.
मारिसेल म्हणाली तू माझा घोडा,
तर तू घोडा. आणि तुझा मागचा खूर दुखतोय.

मी उडी घेत नाही.
मी मागे, दिव्यांच्या खटक्यांपाशी.
प्रसंग संपला, हे मी ठरवतो.
हशा शिगेला पोचला की अर्धा श्वास थांबायचं
आणि काळोख.
उशीर केला तर नट उभ्या उभ्या सुकतात,
घाई केली तर हसू लोकांच्या घशात अडकतं.
सिग्रुन एकदा म्हणाली, लॉर्न, तुझ्या बोटांना कान आहेत.
ते वाक्य मी चार हिवाळे
पुरवून पुरवून खाल्लं.

टारासचे वडील गेले त्या आठवड्यात
आम्ही त्याच्या स्वयंपाकघरात बसलो होतो, कोटासकट.
कधीही काहीही सुचणारे पाच जण,
आणि कुणाला शब्द सुचेना.
शेवटी मारिसेल उठली,
हवेतलं कपाट उघडलं, हवेतला पाव काढला,
कापला, लोणी लावलं, कडेपर्यंत, नीट,
आणि त्याच्यापुढे धरला.
टारासने तो खाल्ला. चावून चावून.
जरा खारट झालाय, म्हणाला,
आणि मग कुठे रडला.

तर, परवाचा शुक्रवार.
कुणीतरी ओरडलं, "विमानतळ!"
सिग्रुन निघालेली, टारासच्या हातात तिची बॅग,
म्हणजे हातात काहीच नाही, पण खांदा एका बाजूला झुकलेला.
"मी का जातेय, कळलंय ना तुला?" तिने विचारलं.
"हो," तो म्हणाला.

'आणि' आलंच नाही.

त्याने बॅग खाली ठेवली.
इतकी हळू, की आत काही झोपलेलं असावं.
मामांचा खोकला थांबला.
सिग्रुनला मी भांडखोर राणी होताना पाहिलंय,
बिघडलेला फ्रीज, आणि एकदा अख्खं गिमली गाव.
हा चेहरा यादीत नव्हता.
हा तिचाच होता बहुतेक.

बोट खटक्यावर होतं.
हशा नाही, टाळी नाही, नियमाप्रमाणे
केव्हाच अंधार करायला हवा होता,
आणि कुणी मला नावही ठेवलं नसतं.
फसलेला प्रसंग, म्हणाले असते, लॉर्नने वाचवला.

मी थांबलो.
मग दिवे विझवले, पण हळूहळू,
भरलेलं ताट उचलावं तसे.
काळोखात एरवी मी दोन आकडे मोजतो.
त्या रात्री नऊ मोजले.
सहाव्याला ती डुगडुगणारी खुर्ची
एकदाच वाजली.

नंतर बाहेर, रस्त्यावर,
व्हॅनच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो
मी आणि मारिसेल.
बाकीचे अजून आत होते, निघत नव्हते.
"आज उशीर केलास," ती म्हणाली.
"हो."
ती वाट बघत राहिली.
तोंडाची वाफ तिच्या मफलरवर गोठत होती.
"आणि?"

आणि, म्हटलं, तिकडच्या बाजूची काच
अजून राहिलीय.